सावल्यांना सजीव करणारी कलावती

बर्लिन शहराच्या शार्लोटेनबुर्ग भागात २ जून १८९९ रोजी लोटे रायनिगर हिचा जन्म झाला. लहानपणापासूनच लोटेला काळा कागद कातरून आकृती करण्याचा छंद होता. ती आधी पेन्सिलीने काही रेखाटून घेत नसे. कात्री कागदावरून सरसर फिरे आणि पाहता पाहता त्यातून माणूस, पक्षी किंवा घोडा बाहेर येई. पुढे तिने घरी छायाबाहुल्यांचे एक लहानसे नाट्यगृहच थाटले. पांढरा पडदा, त्यामागे दिवा आणि दोहोंच्या मध्ये कागदाच्या आकृती, एवढ्या साहित्यावर ती घरच्या मंडळींना नाटके करून दाखवी.

त्या काळी मूकपट नुकतेच लोकप्रिय होऊ लागले होते. त्यांतील चमत्कार पाहून लोटे थक्क होऊन जाई. १९१५ साली तिने पाउल वेगेनेर या प्रसिद्ध नटाचे एक व्याख्यान ऐकले. रंगभूमीवर जे दाखविता येत नाही, ते चित्रपटात कसे दाखविता येईल, हा त्याचा विषय होता. त्या दिवसापासून लोटेला चित्रपटाचा ध्यास लागला. आईवडिलांची समजूत घालून तिने बर्लिनमधील माक्स राइनहार्ट यांच्या नाट्यशाळेत प्रवेश मिळविला. तेथे नट रंगमंचावर काम करीत असताना ती पडद्याआडून त्यांच्या छायाकृती कातरीत असे. त्या हुबेहूब आकृतींकडे वेगेनेर यांचे लक्ष गेले.

वेगेनेर तेव्हा हॅमेलिनच्या पुंगीवाल्याच्या गोष्टीवर चित्रपट काढीत होते. पुंगीच्या नादामागे शेकडो उंदीर धावतात, असे दृश्य त्यात होते. परंतु खरे उंदीर कोणाचे ऐकणार? तेव्हा लाकडी उंदीर करण्यात आले. ते किंचित पुढे सरकवावयाचे, एक चित्र घ्यावयाचे. पुन्हा सरकवावयाचे, पुन्हा चित्र घ्यावयाचे, अशा रीतीने त्यांना पडद्यावर धावविण्यात आले. या कामात लोटेचा हात होता. चित्रपट १९१८ साली पूर्ण झाला. निर्जीव वस्तूला चालविण्याची विद्या तरुण लोटेला येथे गवसली. पुढच्याच वर्षी तिने आपला पहिला छोटा छायापट तयार केला. १९२१ साली कार्ल कोख या सहकाऱ्याशी तिचा विवाह झाला. पुढे आयुष्यभर रायनिगरबाई आकृती हलवीत आणि कोख कॅमेऱ्याची बाजू सांभाळीत.

१९२३ साली जर्मनीत महागाईने कहर केला होता. पैशाची किंमत दिवसेंदिवस घसरत होती. लुई हागेन नावाच्या एका सावकाराने पैसा घरात न ठेवता त्याची चित्रपटाची कोरी फीत घेऊन ठेवली होती. ती फीत वापरून एक मोठा छायापट करावा, असे त्यांनी रायनिगरबाईंना सुचविले. आजवर कोणी दहा-पंधरा मिनिटांहून फारसा मोठा असा चित्रपट या पद्धतीने करून पाहिला नव्हता. अनेकांनी हे काम अशक्य ठरविले. तरीही बाईंनी ते पत्करले.

पॉट्सडाम येथे हागेन यांच्या मोटारखान्यावरील ठेंगण्या माळ्यावर काम सुरू झाले. काळा पुठ्ठा व शिशाचा पातळ पत्रा कातरून आकृती केल्या जात. हात, कोपर, मान, गुडघे असे अवयव निरनिराळे कातरून ते तारेने जोडीत, म्हणजे प्रत्येक सांधा हलता राही. आकृती काचेच्या मेजावर ठेवीत. खालून दिवा आणि वरून कॅमेरा अशी योजना होती. एका सेकंदाच्या हालचालीसाठी वीस-चोवीस चित्रे लागत. एखादे बोट चुकून जास्त सरकले, तर पडद्यावर ते पात्र दचकल्यासारखे दिसे. असे हे काम तीन वर्षे चालले. मराठी वाचकांच्या परिचयाच्या असलेल्या अरबी सुरस कथांवर आधारलेला ‘राजपुत्र अहमदची साहसे’ हा चित्रपट १९२६ साली बर्लिनमध्ये दाखविण्यात आला. उडता घोडा, जादूगार, अल्लाउद्दिनाचा दिवा हे सारे सावल्यांच्या रूपाने पडद्यावर अवतरले. आज उपलब्ध असलेल्या पूर्ण लांबीच्या चलच्चित्रपटांत हाच सर्वांत जुना होय.

पुढे दिवस पालटले. जर्मनीत हिटलरची राजवट आली. ती न रुचल्यामुळे रायनिगरबाई व त्यांचे पती १९३५ साली देश सोडून गेले. परंतु कोणत्याच देशात त्यांना कायमचा आश्रय मिळेना. परवान्याची मुदत संपली की दुसरा देश गाठावा लागे. पुढे महायुद्धाच्या धामधुमीत आजारी आईच्या शुश्रूषेसाठी त्यांना बर्लिनला परतावे लागले. १९४५ साली त्या शहरात झालेल्या लढाईत त्यांच्या मोठ्या चित्रपटाची मूळ फीत नष्ट झाली. तीन वर्षांच्या श्रमांची राख झाली. सुदैवाने एक प्रत लंडनमध्ये जपून राहिली होती. तिच्यामुळे तो चित्रपट आज आपल्याला पाहावयास मिळतो.

१९४९ साली हे दांपत्य लंडनला गेले. तेथे बाईंनी पुन्हा कात्री हाती घेतली आणि मुलांसाठी परीकथांचे अनेक छायापट केले. आपल्या बालपणी त्या माळ्यावरचे काम पाहिलेला हागेन यांचा मुलगा आता त्यांना साहाय्य करीत होता. १९५५ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्यांच्या एका छायापटाला पारितोषिक मिळाले. १९६३ साली कोख यांचे निधन झाले. त्या दुःखाने सुमारे दहा वर्षे त्यांची कात्री थांबली. नंतर मात्र वयाची सत्तरी ओलांडल्यावर त्यांनी पुन्हा काम आरंभिले. १९ जून १९८१ रोजी जर्मनीतील डेटेनहाउझेन येथे त्यांचे निधन झाले.

आज चलच्चित्रे बहुधा संगणकावर तयार होतात. तेथेही चित्रकार पात्राचे अवयव निरनिराळे करतो, त्यांना सांधे देतो आणि एकेका क्षणाची हालचाल ठरवितो. साधने बदलली, पण मूळ रीत तीच राहिली. पाखरू पंख कसे मिटते, दमलेला माणूस पाऊल कसे टाकतो, हे त्यालाही आधी डोळे उघडे ठेवून पाहावे लागते. रायनिगरबाईंपाशी कात्री, काळा कागद आणि अशी पाहणारी दृष्टी होती. जे हरपले त्यासाठी त्या रडत बसल्या नाहीत. नवा कागद घेऊन त्या पुन्हा कातरू लागल्या.