एविताचा जन्मदाखला

पित्याचा शोध घेण्यासही कायद्याने ज्यांना मज्जाव केला होता, अशा मुलांपैकी अर्जेंटिनाच्या एव्हा पेरॉन एक होत्या. १८७१ पासून अमलात असलेल्या तेथील दिवाणी संहितेच्या कलम ३४२ नुसार, विवाहित पुरुषाला अन्य स्त्रीपासून झालेल्या अपत्यास कायद्याच्या लेखी पिता नव्हता, पितृकुळही नव्हते. पितृत्व सिद्ध करण्यासाठी न्यायालयात जाण्याची वाटच बंद होती. पुरावा ग्राह्य की अग्राह्य, हा प्रश्न तेथवर पोचतच नसे.

७ मे १९१९ रोजी लोस तोल्दोस या आडगावी एव्हांचा जन्म झाला. जमीनदार हुआन दुआर्ते यांचे विवाहाचे कुटुंब चिविल्कॉय येथे होते. एव्हांच्या आई हुआना इबार्गुरेन यांना त्यांच्यापासून पाच मुले झाली. १९२६ मध्ये दुआर्ते अपघातात गेले. मुलांना घेऊन अंत्यदर्शनास गेलेल्या हुआनांना तेथे कोणती वागणूक मिळाली, याविषयी चरित्रकारांत थोडाफार मतभेद आहे; मात्र ते घर आपले नव्हे, हे सहा वर्षांच्या मुलीस तेथे कळले, यावर बहुतेकांचे एकमत आहे.

पुढे नटी झालेल्या एव्हांनी ऑक्टोबर १९४५ मध्ये हुआन पेरॉन यांच्याशी विवाह केला. त्यासाठी सादर झालेल्या दाखल्यात नाव मारिया एव्हा दुआर्ते, जन्मगाव हुनीन आणि साल १९२२ होते. मूळ नोंद दफ्तरातून नाहीशी झाली होती. खरी तारीख संशोधकांना सापडली ती चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वहीत. हा दाखला खोटाच होता. परंतु ज्या व्यवस्थेने सरळ मार्ग ठेवला नाही, तिनेच हा आडमार्ग दाखविला, असे म्हणावे लागते. (खुद्द पेरॉन यांच्या आईवडिलांचा विवाहही त्यांच्या जन्मानंतर काही वर्षांनी झाला होता.)

आपल्याकडे १८७२ च्या पुरावा कायद्याचे कलम ११२ विवाहकाळात जन्मलेल्या अपत्यास औरस मानी. २०२३ च्या नव्या कायद्यात तेच कलम ११६ झाले. अपत्याला झुकते माप देणारे हे गृहीतक विवाहाच्या चौकटीबाहेर मात्र उपयोगी पडत नाही, आणि एव्हांसारख्यांचा प्रश्न नेमका तेथलाच होता.

१९४७ मध्ये स्त्रियांना मताधिकार मिळवून देण्यात एव्हांचा मोठा वाटा होता. २६ जुलै १९५२ रोजी, अवघ्या तेहतिसाव्या वर्षी, कर्करोगाने त्यांचे निधन झाले. पेरॉन सरकारने १४,३६७ क्रमांकाचा कायदा संमत करून घेतला तो त्यानंतर, १९५४ मध्ये. त्याने विवाहबाह्य अपत्यांमधील श्रेणी मोडीत काढल्या, पितृत्वाच्या दाव्याची वाट खुली केली आणि जन्मदाखल्यावरून आईवडिलांचा विवाह झाला होता की नाही हे कळता कामा नये, असा दंडक घातला. वारसाहक्कात मात्र औरस भावंडाच्या निम्माच वाटा ठेवला. पितृत्व सिद्ध झाले तरी मूल अर्धेच ठरले, ही त्या कायद्याची उणीव होय. १९५५ मध्ये लष्कराने पेरॉन यांना पदच्युत केले. कायदा मात्र टिकला. पूर्ण समानतेसाठी १९८५ उजाडावे लागले.