आजची गाथा : धम्मपद ९८ – बाबासाहेब आणि गांधारपालेची लेणी



आजची गाथा अरहंतवग्गातली आहे, ९८ वी. एखादी जागा रम्य कशामुळे होते, हा तिचा विषय. आपल्याला विचारलं तर आपण सांगू, व्ह्यूमुळे, हवेमुळे, फोटो चांगले येतात म्हणून. गाथेचं म्हणणं वेगळं आहे. तिथे कोण राहिलं, यावर ते ठरतं. गाव असो की जंगल, मन जिंकलेली माणसं जिथे राहिली ती भूमी रम्य.

अट्ठकथेत या गाथेमागची गोष्ट आहे. सारिपुत्तांचे धाकटे भाऊ रेवत खैराच्या जंगलात राहायचे. बुद्ध भिक्खूंना घेऊन तिथे जाऊन आले. परत आल्यावर विशाखेने काहींना विचारलं, जागा कशी होती? कुणी म्हणालं, फार सुंदर. दोन म्हातारे भिक्खू म्हणाले, नुसते काटे! जंगल एकच होतं, बघणारे वेगळे होते.

आज ही गाथा आपण बाबासाहेबांच्या चरित्रातून वाचू. त्यातही दोनच गोष्टींवर लक्ष ठेवायचं : पाणी आणि बसायची जागा.

१४ एप्रिल १८९१ ला महूला जन्म. वडील सुभेदार रामजी सकपाळ. लहानपणी साताऱ्याच्या शाळेत भीमराव वर्गात बसायचे ते घरून आणलेल्या गोणपाटावर, बाकीच्या मुलांपासून बाजूला. तहान लागली तर नळाला हात लावायचा नाही. शिपायाने नळ सोडला तर पाणी, शिपाई नसला तर दिवसभर कोरडा घसा. कुठे बसायचं आणि पाणी कधी प्यायचं, दोन्ही दुसरे ठरवणार.

१९०७ मध्ये ते मॅट्रिक झाले, तेव्हा कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्यांना स्वतः लिहिलेलं गौतम बुद्धांचं चरित्र भेट दिलं. पुढे बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कचं कोलंबिया विद्यापीठ, मग लंडन. पदव्यांची यादी आपल्याला पाठ आहे, त्यामुळे तिथे थांबत नाही. थेट महाडला येऊ.

१९२३ मध्ये सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात मंजूर झाला : सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले. महाडच्या नगरपालिकेनेही चवदार तळं खुलं केलं. पण कागदावर. प्रत्यक्षात कुणाची पाणी भरायची हिंमत नव्हती. १९ आणि २० मार्च १९२७ ला महाडला परिषद भरली आणि २० तारखेला बाबासाहेबांच्या मागोमाग हजारो लोक तळ्यावर जाऊन पाणी प्यायले. थोड्याच वेळात गावात अफवा उठली की हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात घुसणार. लाठ्या घेतलेल्या जमावाने जेवायला बसलेल्या आणि घरी निघालेल्या लोकांना मारलं. उलट हात उचलायचा नाही, असं बाबासाहेबांनी आपल्या माणसांना बजावलं. नंतर तळ्यात पंचगव्य ओतून त्याचं ‘शुद्धीकरण’ झालं.

म्हणून त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पुन्हा महाड. रस्त्याने मोटारवाले नेतील याचा भरवसा नव्हता, तेव्हा समुद्रमार्ग ठरला. २४ डिसेंबरला मुंबईहून ‘पद्मावती’ बोटीने बाबासाहेब, त्यांचे सहकारी आणि दोनशेच्या वर प्रतिनिधी निघाले. रात्र हरिहरेश्वरला काढली. दुसऱ्या दिवशी बाणकोटच्या खाडीतून सावित्री नदीने वर येत दुपारी दासगाव बंदरात उतरले. धक्क्यावर हजारो लोक वाट बघत उभे होते. तिथून महाडपर्यंत सगळे चालत गेले, सुमारे आठ किलोमीटर.

आज कोकण रेल्वेने वीर स्टेशनला उतरून महाडला निघालात तर वाटेत आधी दासगाव लागतं आणि मग महाडच्या अलीकडे हायवेला लागूनच डोंगरात लेण्यांची रांग दिसते. तीच गांधारपालेची लेणी. दासगावहून महाडची वाट आजही या डोंगराच्या पायथ्याने जाते. पण तिकडे आपण शेवटी येऊ, कारण बाबासाहेबही तिथे शेवटीच आले.

परिषदेला जागा द्यायला गावात कुणी तयार नव्हतं. फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी आपली जागा दिली. २५ डिसेंबरच्या रात्री मनुस्मृतीचं दहन झालं. पण तळ्याचं काय? १४ डिसेंबरलाच कोर्टाने तात्पुरता मनाई हुकूम काढला होता. हजारो माणसं तुरुंगात जायच्या तयारीने आली होती. मार्चच्या जखमा ताज्या होत्या. बाबासाहेबांनी एक शब्द काढला असता तर सगळे तळ्यात उतरले असते. बरीच चर्चा झाली आणि शेवटी कोर्टाचा निकाल लागेपर्यंत थांबायचं ठरलं. लोकांची समजूत काढणं सोपं नव्हतं. २७ तारखेला तळ्याभोवती शिस्तीत मिरवणूक निघाली. पाणी डोळ्यांसमोर होतं, कुणी हात लावला नाही. (हा खटला दहा वर्षं चालला. १७ मार्च १९३७ ला मुंबई हायकोर्टाने आपल्या बाजूने निकाल दिला.)

परिषद आटोपल्यावर बाबासाहेब सहकाऱ्यांना घेऊन महाडजवळची बौद्ध लेणी बघायला गेले. नंतर रायगडही पाहिला. दमलेली माणसं, हातचं पाणी लांबलेलं, आणि आता डोंगर चढून जुनी लेणी बघायची! सोबतच्यांपैकी काहींना तरी ही नुसती सहल वाटली असेल.

गांधारपाल्याला सुमारे तीस लेणी आहेत. विहार, चैत्यगृह, भिक्खूंच्या लहान खोल्या, भिंतीलगत कोरलेले दगडी कट्टे. बाबासाहेब तिथे हेलावून गेले. भिक्खू कसे राहत, किती थोडक्यात भागवत, लोकांसाठी कसे झिजत, हे ते सोबत्यांना सांगू लागले. आणि दगडी बैठका दाखवून म्हणाले, यावर बसू नका. इथे भिक्खू बसायचे, ही पवित्र आसनं आहेत.

मित्रांनो, इथे जरा थांबूया. हे सांगणारा माणूस गोणपाटावर बसून शिकलेला. ऐकणारे लोक पिढ्यान्‌पिढ्या कुणाच्या ओटीवर बसू न शकलेले. इथे मात्र अडवणारं कुणीच नाही. मोकळा डोंगर, मोकळा कट्टा. आयुष्यात पहिल्यांदा कुणी उठ म्हणणार नाही अशी जागा, आणि तिथेच बाबासाहेब सांगतात, आपण होऊन उभे राहू.

दुसऱ्याने बसू न देणं आणि स्वतःच्या मनाने न बसणं, बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. पहिल्यात अपमान आहे, दुसऱ्यात आदर आहे आणि स्वतःवरचा ताबा आहे. चवदार तळ्याकाठी तेच होतं. मार्चमध्ये पाणी पिऊन हक्क दाखवला, डिसेंबरमध्ये न पिता ताकद दाखवली. मला ही लेण्यातली सूचना त्याच आठवड्यातला शेवटचा धडा वाटते.

आणि एक गोष्ट. याच लेण्यांत ब्राह्मी लिपीतला एक दानलेख आहे. कानभोज विष्णुपालित नावाच्या राजकुमाराने लेणं, चैत्यगृह, आठ खोल्या आणि लेण्याच्या दोन्ही बाजूंना पाण्याची टाकी दान दिल्याची ती नोंद आहे. सुमारे अठराशे वर्षांपूर्वी याच डोंगरावर एका राजपुत्राला पाण्याचं दान मोठं वाटलं. आणि खाली गावात १९२७ मध्ये पाण्यावरून डोकी फुटली. अंतर फक्त दोन-तीन किलोमीटर!

अवशेष बघायला बाबासाहेब पुढेही जात राहिले. १९३४ मध्ये वेरूळची लेणी बघायला कार्यकर्त्यांसोबत निघाले. वाटेत दौलताबादच्या किल्ल्याजवळ टाक्याच्या पाण्याने हातपाय धुतले, तर तिथेही टाकं बाटवलं म्हणून जमाव धावून आला. किल्ला बघू दिला तो हत्यारबंद पहारा सोबत देऊन, कुठे पाण्याला शिवू नये म्हणून. पुढच्याच वर्षी, १३ ऑक्टोबर १९३५ ला, येवल्याची घोषणा झाली.

१९५० मध्ये औरंगाबादला त्यांनी कॉलेज काढलं, त्याला नाव दिलं मिलिंद. मिलिंद म्हणजे मिनँडर, ग्रीक राजा. भिक्खू नागसेनांना त्याने प्रश्नांवर प्रश्न विचारले, उत्तरं पटली तेव्हा मोकळेपणाने मान्य केली. कॉलेजचा परिसर म्हणून नागसेनवन. आपल्याकडे कुणी क्रूझने ग्रीसला जातं, पिरेअसला उतरून तीन तासांत अ‍ॅक्रोपोलिस करून बोटीवर परत येतं. जरूर जावं. पण ग्रीक आपल्या डोंगरातही आहेत. कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या खांबांवर यवनांनी दान दिल्याचे लेख आजही वाचता येतात. बुद्धांच्या घरात त्यांना कुणी जात विचारली नव्हती.

२५ डिसेंबर १९५४ ला, मनुस्मृती दहनाच्याच तारखेला, बाबासाहेबांनी देहूरोडला बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला दीक्षा घेतली आणि लाखोंना दिली. नोव्हेंबरमध्ये तब्येत ढासळलेली असतानाही काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले आणि परतीच्या वाटेवर सारनाथ आणि कुशीनगर पाहिलं. कुशीनगर म्हणजे तथागतांच्या महापरिनिर्वाणाची जागा. त्यानंतर काही दिवसांतच, ६ डिसेंबरला, त्यांचं परिनिर्वाण झालं.

आता गाथेकडे परत. गांधारपाल्यात भिक्खू नाहीत. पावसाळ्यात शेवाळ असतं, वटवाघळं असतात, वीकेंडला सेल्फी आणि वेफर्सची पाकिटं असतात. रेवतांच्या जंगलासारखंच आहे : कुणाला काटे दिसतील, कुणाला अजून तिथे बसलेलं कुणीतरी दिसेल. बाबासाहेबांना रिकाम्या कट्ट्यावर भिक्खू दिसले.

आजचा अभ्यास सोपा आहे. पुढच्या ट्रेकला कार्ले, भाजे, कान्हेरी, गांधारपाले, कुठेही गेलात तर मोबाईल बाहेर काढण्याआधी पाच मिनिटं उभे राहा. इथे कोण बसायचं, काय खायचं, पाणी कुठून प्यायचं, एवढंच मनाशी विचारा. आणि दगडी आसन दिसलं तर रिकामं राहू द्या. अडवणारं कुणी नसेल. म्हणूनच.

सर्वांचं मंगल होवो. जय भीम, नमो बुद्धाय.