पुठ्ठ्याची गिटार घडविणारा सुतार

जुन्या गिटारीच्या खुंट्या बदललेल्या, पडदे नवे बसविलेले. मग तिचे मोल ते काय उरले? या प्रश्नाचे उत्तर आंतोनियो दे तोरेस यांच्या आयुष्यात सापडते. १३ जून १८१७ रोजी स्पेनमधील आल्मेरियाजवळ जन्मलेले तोरेस मूळचे सुतार. सेविल शहरात ते गिटारी घडवू लागले आणि १८५८ मध्ये तेथील प्रदर्शनात त्यांना पदक मिळाले. गिटारीचा नाद तबलीत, म्हणजे पुढच्या पातळ फळीत असतो, अशी त्यांची धारणा होती. ती सिद्ध करण्यासाठी १८६२ मध्ये त्यांनी तबली लाकडाची, पण पाठ व बाजू पुठ्ठ्याच्या अशी गिटार घडविली. ती आज बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे.

थोर वादक फ्रान्सिस्को तारेगा यांच्या हाती तोरेस यांचीच १८६४ ची गिटार होती. तरीही या कामात पोट भरेना. १८७० च्या सुमारास आल्मेरियाला परतून त्यांनी चिनी मातीच्या भांड्यांचे दुकान थाटले. १८७५ पासून पुन्हा गिटारी घडविताना मात्र आतील चिठ्ठीवर ते 'दुसरा कालखंड' असे नमूद करून क्रमांक घालू लागले. १९ नोव्हेंबर १८९२ रोजी त्यांचे निधन झाले.

आज पारखी ती चिठ्ठी पाहतात. पण चिठ्ठी बनावटही असू शकते. म्हणून आरशाने तबलीखालच्या, पंख्यासारख्या पसरलेल्या पट्ट्या तपासतात. खुंट्या बदलल्या तर किंमत थोडी उतरते. तबलीच बदलली, तर तोरेस यांचे कसबच हरवते.