जॉर्ज सार्टन : विज्ञानेतिहासाचा व्यासंग आणि त्याचा आश्रय

विज्ञानाचा इतिहास ही स्वतंत्र ज्ञानशाखा आहे, हे आज विद्वानांना पटवून द्यावे लागत नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी स्थिती निराळी होती. वैज्ञानिकांच्या लेखी हा विषय उतारवयातील विरंगुळा होता, तर बहुतेक इतिहासकारांना तो आपल्या कक्षेबाहेरचा वाटे. ज्याला या विषयालाच आयुष्य वाहायचे असेल त्याचा योगक्षेम कोणी चालवावा, हा प्रश्न अनुत्तरित होता. जॉर्ज सार्टन यांच्या चरित्रात तो पदोपदी आढळतो.

सार्टन यांचा जन्म ३१ ऑगस्ट १८८४ रोजी बेल्जियममधील घेंट येथे झाला. वडील रेल्वेत अभियंते होते; आई सार्टन वर्षाचे होण्यापूर्वीच निवर्तली. तत्त्वज्ञानाचा अभ्यास सोडून ते रसायन व गणिताकडे वळले आणि १९११ मध्ये न्यूटनच्या यामिकीवरील प्रबंधाबद्दल त्यांना डॉक्टरेट मिळाली. त्याच वर्षी एलिनॉर एल्वेस या इंग्रज चित्रकर्तीशी त्यांचा विवाह झाला. पुढे कवयित्री व कादंबरीकार म्हणून नावाजलेली मे सार्टन ही त्यांची कन्या. प्राचीन ईजिप्तमधील देवतेचे नाव धारण करणारे ‘आयसिस’ हे नियतकालिक त्यांनी १९१२ मध्ये स्थापन केले व मार्च १९१३ मध्ये त्याचा पहिला अंक निघाला. वर्गणीदार थोडे असल्याने येणारी तूट संपादकालाच सोसावी लागे.

ऑगस्ट १९१४ मध्ये जर्मन सैन्य बेल्जियममध्ये शिरले. वर्षानुवर्षे जमविलेली टिपणे बागेत पुरून सार्टन कुटुंबासह इंग्लंडला गेले आणि १९१५ मध्ये अमेरिकेत पोहोचले. तेथे काही काळ निरनिराळ्या विद्यापीठांतील व्याख्यानांवर त्यांचा चरितार्थ चालला. हार्वर्डमधील दोन वर्षांची नेमणूक संपत आली तेव्हा, १९१८ मध्ये, वॉशिंग्टनच्या कार्नेगी संस्थेने त्यांना संशोधक म्हणून वेतन देऊ केले. हार्वर्डने ग्रंथालयात खोली दिली व तिच्या मोबदल्यात त्यांनी अध्यापन करावे असे ठरले.

या वेतनावर प्रथम हाती घेतलेला विषय होता लिओनार्दो दा व्हिंचीचे विज्ञान. परंतु लिओनार्दोला पूर्वसूरींकडून काय लाभले हे कळल्यावाचून त्याचे स्वतःचे किती हे ठरविता येईना. म्हणून सार्टन मागे वळले आणि थेट होमरपर्यंत गेले. ‘विज्ञानेतिहासाची प्रस्तावना’ या ग्रंथाचा पहिला खंड १९२७ मध्ये, दुसरा १९३१ मध्ये आणि तिसरा १९४७-४८ मध्ये प्रसिद्ध झाला. पृष्ठे चार हजारांहून अधिक भरली. काळाचे पन्नास-पन्नास वर्षांचे विभाग पाडून प्रत्येकास त्या काळच्या एका श्रेष्ठ विद्वानाचे नाव देण्याची त्यांची पद्धत होती. अकराव्या शतकाचा पूर्वार्ध अल्-बीरूनीच्या नावे आहे. ग्रीक-लॅटिन परंपरेबरोबर अरबी, हिब्रू, भारतीय व चिनी विद्येचीही नोंद एकाच चौकटीत झाली. मूळ साधने वाचता यावीत म्हणून मध्यमवयात ते अरबी शिकले. मात्र हा व्याप वाढत असता लिओनार्दो दूरच राहिला. तिसरा खंड चौदाव्या शतकाच्या अखेरीस थांबला. लिओनार्दोचा जन्म १४५२ मधला.

व्यासंग बंद खोलीत राहिला तर त्याला आश्रय टिकणार नाही, हे सार्टन यांनी ओळखले होते. विज्ञान आणि मानव्यविद्या यांतील दुरावा मिटविणारा नवा मानवतावाद हा त्यांच्या व्याख्यानांचा गाभा होता. ब्राउन विद्यापीठातील तशी व्याख्याने १९३१ मध्ये ग्रंथरूपाने निघाली. ‘आयसिस’ला पाठबळ मिळावे म्हणून १९२४ मध्ये विज्ञानेतिहास संस्था स्थापन झाली आणि नियतकालिकाचा भार एकट्याच्या खांद्यावरून उतरला. हार्वर्डचे पूर्ण प्राध्यापकपद मात्र त्यांना १९४० मध्ये, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी मिळाले. १९४२ मध्ये त्यांचे तुर्की विद्यार्थी आयदिन सायिली यांना हार्वर्डने या विषयातील पहिली डॉक्टरेट दिली.

कार्नेगी संस्थेचा आश्रय १९४९ मध्ये संपला; १९५१ मध्ये ते हार्वर्डमधून निवृत्त झाले. विज्ञानाची प्रगती संचयाने होते ही त्यांची श्रद्धा पुढच्या पिढीने जशीच्या तशी स्वीकारली नाही, आणि त्यांचे खंड सलग वाचनापेक्षा संदर्भासाठीच अधिक उघडले गेले. त्यांच्या नावाच्या पदकाचे पहिले मानकरी १९५५ मध्ये तेच ठरले. २२ मार्च १९५६ रोजी त्यांचे निधन झाले.

इंडियाना विद्यापीठातील त्यांच्या व्याख्यानांचा ग्रंथ १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रबोधनकालीन विज्ञानावरील या ग्रंथाचे शेवटचे प्रकरण लिओनार्दोवर आहे. तीस वर्षांच्या वेतनावर रचलेल्या महाग्रंथाला जेथवर पोहोचता आले नाही, तेथे ते अखेर श्रोत्यांसमोर बोलताना पोहोचले.