दिवाळखोर दिग्दर्शक : एर्विन पिस्काटर

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने नाट्यदिग्दर्शकावर का लिहावे, असे कोणी विचारील. परंतु या जर्मन दिग्दर्शकाचे चरित्र वाचताना मला रंगभूमीइतकाच ताळेबंदही दिसत राहिला. व्यापाऱ्याचा हा मुलगा भांडवलशाहीविरुद्ध नाटके करीत होता आणि त्या नाटकांच्या खर्चानेच त्याचे थिएटर बुडाले!

पिस्काटरचा जन्म १७ डिसेंबर १८९३ रोजी वेत्सलारजवळच्या उल्म या खेड्यात झाला. म्युनिकला नाट्यगृहात त्याने बिनपगारी उमेदवारी केली आणि पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, त्याला सैन्यात जावे लागले. ईप्रच्या आघाडीवर तोफगोळे पडत होते. जमीन खणून आडोसा करायचा होता, पण याला ते जमेना. वरिष्ठाने धंदा विचारला. नट आहे, असे सांगताना गोळ्यांच्या भीतीपेक्षा आपल्या पेशाची लाजच जास्त वाटली, असे त्याने पुढे लिहून ठेवले आहे. त्याचे सारे आयुष्य मला या एका क्षणातून निघालेले दिसते.

१९२० साली बर्लिनमध्ये त्याने कामगार वस्त्यांतील सभागृहांतून प्रयोग सुरू केले. पुढे 'फोल्क्सब्यूने' या प्रेक्षकसंस्थेत असताना त्याने रंगमंचावर पडदा लावून खऱ्या युद्धाची चित्रफीत दाखवली. १९२७ साली तेथे मतभेद झाले आणि त्याने नोलेनडॉर्फप्लाट्झ येथे स्वतःचे थिएटर काढले. भांडवल कोणाचे? बिअरच्या धंद्यातील एका धनिकाचे! क्रांतीच्या नाटकाला कारखानदाराचा पैसा, ही विसंगती त्याला टाळता आली नाही. मी त्याला त्याबद्दल दोष देत नाही. पैसा कोठून तरी आणावाच लागतो.

खर्च मात्र अफाट. पहिल्याच नाटकाला अनेक मजली सांगाडा, 'रास्पुतिन'ला अर्धगोलाकार रंगमंच, तर १९२८ च्या 'श्वाइक'ला दोन सरकते पट्टे. शिपाई चालतो आहे आणि जमीनच मागे पळते आहे! संहिता घडवायला लेखकांचे एक मंडळ होते. त्यात ब्रेख्तही होता. पु. ल. देशपांडे यांच्या 'तीन पैशाचा तमाशा'चे मूळ ज्याचे, तोच हा ब्रेख्त. वास्तुशिल्पी ग्रोपिउसने पिस्काटरसाठी नव्या नाट्यगृहाचा आराखडा केला, पण तो कागदावरच राहिला. पेट्रोलच्या व्यापारावरील 'कोन्युंकटुर' हे नाटक त्याने भाड्याने घेतलेल्या दुसऱ्या थिएटरात केले. आपला जम बसण्याआधीच शाखा काढावी तसे हे झाले. १९२८ च्या उन्हाळ्यात दिवाळे वाजले. १९२९ साली पुन्हा उभा राहून त्याने चलनवाढीवरचे 'बर्लिनचा व्यापारी' हे नाटक केले. चलनवाढ मी पुस्तकात शिकतो. याने ती मंचावर उभी केली, आणि पुन्हा बुडाला.

१९३१ साली तो चित्रपट करण्यासाठी सोव्हिएत रशियात गेला. इकडे हिटलर सत्तेवर आला आणि परतीची वाट बंद झाली. १९३६ साली पॅरिसला गेला असताना मॉस्कोला परतू नये, असा इशारा त्याला मिळाला आणि तो वाचला. त्याच्या ओळखीची नटी कारोला नेहेर सोव्हिएत कैदेत मरण पावली.

न्यूयॉर्कमध्ये १९४० साली त्याने 'ड्रामॅटिक वर्कशॉप' ही नाट्यशाळा सुरू केली. मार्लन ब्रँडो, टेनेसी विल्यम्स, जुडिथ मॅलिना हे तेथून गेलेले. स्वतःचे मोठे थिएटर नव्हते, पण मला वाटते, त्याची सर्वांत टिकाऊ गुंतवणूक हीच. अमेरिकेतही कम्युनिस्टांची चौकशी सुरू झाली, तेव्हा १९५१ साली तो पश्चिम जर्मनीत परतला. पत्नी, नर्तकी मारिया लाय, न्यूयॉर्कलाच राहिली.

त्यानंतर दहा-अकरा वर्षे हा साठीकडे झुकलेला माणूस गावोगावी पाहुणा दिग्दर्शक म्हणून फिरला. अखेर १९६२ साली पश्चिम बर्लिनच्या 'फ्राय फोल्क्सब्यूने'ने त्याला प्रमुख नेमले. ही सभासदांची संस्था असल्याने धनिकाच्या मर्जीचा प्रश्न उरला नाही. पोपने नाझी अत्याचारांवर मौन का पाळले, हे विचारणारे होखहुटचे नाटक त्याने १९६३ साली आणले, आणि देशभर वादळ उठले. १९६५ च्या ऑक्टोबरात आउश्वित्झच्या खटल्यातील साक्षींवर पेटर वाइसने रचलेले नाटक त्याने मंचावर आणले. पुढच्या वर्षी, ३० मार्च १९६६ रोजी, श्टार्नबेर्ग येथे त्याचे निधन झाले.