चार लोकांच्या नजरेतला डेबूजी



गाडगेबाबा म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे खराटा येतो. अमरावतीत तर गाडगेनगरातून आपले नेहमीचे जाणे-येणे. पण खराटा हाती घेण्यापूर्वीचा डेबूजी आपण सहसा आठवत नाही. आज आम्हाला त्याच्याविषयी लिहायचे आहे.

डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म 23 फेब्रुवारी 1876 रोजी अंजनगाव सुर्जीकडील शेणगावात, परीट कुटुंबात झाला. वडील दारूपायी लवकर गेले. आई सखुबाई लेकराला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातील दापुऱ्याला माहेरी आली. शाळा नशिबी नव्हती. डेबूने मामाची गुरे राखली, मग नांगर धरला आणि राबून शेती नावारूपाला आणली. पुढे ती जमीन सावकाराच्या कर्जात अडकली. मामाने त्या दुःखात प्राण सोडला. अडाण्याचा अंगठा कागदावर उमटला की घराचे काय होते, हे डेबूजीने घरातच पाहिले.

तरीही गावाच्या हिशेबाने तो यशस्वीच होता. 1892 साली कुंताबाईंशी लग्न झाले, लेकरे झाली, कष्टाळू गडी म्हणून नाव झाले, भजनात गळा चालत होता. वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला त्या काळी आणखी काय हवे असते?

मग मुलीचे बारसे आले. अशा प्रसंगी जातभाईंना मटण आणि दारू द्यायची रीत होती, त्यासाठी कर्ज काढावे लागले तरी चालत असे. डेबूजीने गोडाचे जेवण दिले. जातभाई नाराज झाले. आज ही गोष्ट लहान वाटते, पण ज्याची पंगत हलकी त्याची इज्जत हलकी, असे मानणाऱ्या गावात ती लहान नव्हती. आपल्याकडेही बाप्तिस्म्याचे आणि प्रथम कम्युनियनचे जेवण आता मंडप आणि केटररपर्यंत पोचले आहे, म्हणून हा प्रसंग आपल्याला परका वाटू नये. सेमिनरीत आम्ही ॲरिस्टॉटल शिकलो. मान हे सुखाचे मूळ असू शकत नाही, कारण तो घेणाऱ्यापेक्षा देणाऱ्यांच्या हातात असतो, असे त्याचे म्हणणे. डेबूजीने ग्रीसचे नावही ऐकले नसेल. त्याला ते पंगतीत कळले.

1 फेब्रुवारी 1905 रोजी त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्यांची गोधडी, हाती काठी आणि एक फुटके गाडगे. लोकांनी त्या गाडग्यावरूनच त्यांना नाव दिले. दिवसा गाव झाडायचे आणि रात्री कीर्तन करायचे. कीर्तनात ते श्रोत्यांनाच प्रश्न विचारत आणि त्यांच्याच तोंडून उत्तर काढत. सांगणे साधे होते: कर्ज काढून लग्नाचा थाट करू नका, भांडी विकावी लागली तरी मुलांना शिकवा. यश त्यांना नको होते असे नव्हे. शिकलेली, कर्जातून सुटलेली पोरे हवीच होती. फक्त चार लोकांसाठी मांडलेला देखावा नको होता.

येथे आम्हाला थोडे थांबावेसे वाटते. त्यांच्या हाकेवर लाखो रुपये जमले. पंढरपूर, नाशिक, मुंबई येथे धर्मशाळा उभ्या राहिल्या. पण त्यातले काहीही आपल्या घरच्यांना मिळू नये, याविषयी ते फार कठोर होते. एकुलता मुलगा गोविंदा वारल्याची बातमी आली तेव्हा ते कोकणात खारेपाटणला कीर्तन करीत होते, आणि त्यांनी कीर्तन थांबवले नाही. ही गोष्ट नेहमी कौतुकाने सांगितली जाते. आम्हाला मात्र त्या वेळी कुंताबाई आठवतात. नवऱ्याने गावाचा मापदंड झुगारला, पण झोपडीतल्या बाईला त्याच गावात, त्याच नजरांसमोर दिवस काढायचे होते. तिला कोणी विचारले नव्हते. बाबांचे मोठेपण यामुळे कमी होत नाही, पण त्या मोठेपणाचा भार एकट्या बाबांनी वाहिला, असे आम्ही म्हणणार नाही.

बाबांनी कोणाला शिष्य केले नाही. 20 डिसेंबर 1956 रोजी, अमरावतीजवळ वलगावच्या वाटेवर, प्रवासातच त्यांचे निधन झाले. शाळेची पायरी न चढलेल्या या माणसाचे नाव आज अमरावतीच्या विद्यापीठाला आहे. आपल्या मुलांच्या पदव्यांवर ते छापलेले असते, आणि त्या पदव्या आपण पाहुण्यांना दिसतील अशा भिंतीवर लावतो.