आयव्ही ली

आयव्ही लेडबेटर ली (१६ जुलै, १८७७ – ९ नोव्हेंबर, १९३४) हे अमेरिकन पत्रकार व जनसंपर्क सल्लागार होते. आधुनिक जनसंपर्क व्यवसायाच्या प्रवर्तकांमध्ये त्यांची गणना होते.

प्रारंभिक जीवन

ली यांचा जन्म जॉर्जिया राज्यातील सीडरटाउनजवळ एका मेथडिस्ट धर्मोपदेशकाच्या कुटुंबात झाला. १८९८ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठाची पदवी घेतल्यानंतर ते न्यू यॉर्कमध्ये वार्ताहर झाले. पुढे जॉर्ज पार्कर यांच्या भागीदारीत त्यांनी प्रसिद्धी संस्था काढली.

कारकीर्द

त्या काळी बहुतेक कंपन्या संप व अपघातांची माहिती दडवत असत. १९०६ मध्ये कोळसा खाणमालकांसाठी काम करताना ली यांनी वृत्तपत्रांना तत्त्वांचे जाहीरपत्रक पाठवले. आपले काम उघडपणे चालेल आणि माहिती तत्परतेने व अचूक दिली जाईल, अशी हमी त्यात होती. त्याच वर्षी पेनसिल्व्हेनिया रेल्वेच्या अपघातप्रसंगी त्यांनी वार्ताहरांना घटनास्थळी नेण्याची व्यवस्था केली.

लडलो प्रकरण

२० एप्रिल, १९१४ रोजी कोलोरॅडोतील लडलो येथे संपकरी खाण कामगारांच्या तंबूवस्तीवर राज्याच्या सैनिकांनी हल्ला केला. जळत्या तंबूखालील खड्ड्यात २ स्त्रिया व ११ मुले मृत्युमुखी पडली. या भागातील प्रमुख खाण कंपनीत रॉकफेलर कुटुंबाचे नियंत्रक भागभांडवल असल्याने जॉन डी. रॉकफेलर (कनिष्ठ) यांनी ली यांना सल्लागार नेमले. ली यांनी काढलेल्या पत्रकांत कामगार नेत्यांच्या वेतनाचे आकडे फुगवलेले होते. खाणमालकांनी पुरवलेली माहिती आपण पडताळली नव्हती, हे त्यांनी १९१५ मध्ये औद्योगिक संबंध आयोगापुढे मान्य केले. अचूकतेची स्वतःच दिलेली हमी अशा रीतीने मोडल्याने त्यांच्यावर कठोर टीका झाली.

कामगारांच्या तक्रारींच्या निवारणासाठी यंत्रणा उभारावी, असा सल्लाही ली यांनी दिला होता. १९१५ मध्ये रॉकफेलर यांनी खाणींना भेट देऊन कामगारांशी थेट संवाद साधला. मॅकेन्झी किंग यांनी आखलेली कामगार प्रतिनिधित्व योजना त्याच वर्षी लागू झाली. मात्र कंपनीने स्वतंत्र कामगार संघटनेला मान्यता दिली नाही.

अखेरची वर्षे

जर्मनीतील आय. जी. फार्बेन या रसायन कंपनीला दिलेल्या सल्ल्याबाबत १९३४ मध्ये अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या समितीने त्यांची साक्ष घेतली. त्याच वर्षी न्यू यॉर्क येथे मेंदूतील गाठीच्या आजाराने त्यांचे निधन झाले. जनसंपर्काच्या अभ्यासक्रमांत त्यांचे जाहीरपत्रक व लडलो प्रकरण ही दोन्ही आजही अभ्यासली जातात.